कपाटातला शिट्टीवाला

माद्रिद, ५ ऑक्टोबर १६२७, मंगळवार

ही कोरी वही ओलायाने आणून दिली. ओलाया म्हणजे माझी बायको. म्हणाली, "अठरा वर्षं लोकांच्या लिहिण्याला शिट्ट्या मारताय. एकदा स्वतः लिहून बघा. एका पानाला किती घाम लागतो ते कळेल." म्हटलं, आण. घामाला मी कधी भ्यालो नाही.

तर मी तोरिबिओ सालसेदा, जोडे शिवणारा. चौदाव्या वर्षी खेचरांच्या तांड्यामागून अनवाणी या शहरात आलो. आज माद्रिदचे निम्मे नट मी शिवलेल्या जोड्यांत मरतात. रंगमंचावर, अर्थात. वाचायला शिकलो तिसाव्या वर्षी, तेही भिंतीवर डकवलेल्या नाटकांच्या जाहिराती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायला लागली म्हणून.

पण माझं नाव झालं ते जोड्यांनी नाही, कानांनी. नाटकाच्या अंगणात उभ्यानं खेळ बघणाऱ्यांना गाव 'बंदूकवाले' म्हणतं. बंदूक कुणाकडेच नसते. शिट्ट्या असतात, खुळखुळे असतात, किल्ल्यांचे जुडगे असतात आणि तोंडं असतात. या बंदूकवाल्यांचा मी म्होरक्या. मी शिट्टी मारली की चारशे शिट्ट्या वाजतात आणि नाटक तिथल्या तिथे गार. मी 'व्हितोर!', म्हणजे शाबास, ओरडलो की चारशे गळे 'व्हितोर!' आणि कवीची कॉलर ताठ. म्हणून कवी लोक माझ्याकडे जोडे दुरुस्तीला येतात. जोडे धड असले तरी येतात. कुणी वाइनचा बुधला ठेवून जातो, कुणी सॉसेजची माळ. मी सगळं खातो आणि शिट्टी मारायची तेव्हा मारतोच. खोटी शिट्टी मी आजवर मारलेली नाही. माझी इस्टेट म्हणाल तर एवढीच.

ओलायाला वाचता येत नाही, तेव्हा मोकळेपणी लिहायला हरकत नाही. वही ठेवणार कलबुतांच्या पेटीत. जोडा ज्यावर चढवून शिवतात त्या लाकडी पायांच्या ढिगाऱ्यात कोण हात घालतंय?

७ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं नाटक दुसऱ्या अंकात झोपवलं. नवऱ्याला बायकोचा संशय येतो आणि तो स्वतःच्याच घरात कपाटात लपून बसतो! मी शिट्टी मारून वर ओरडलोही, "अरे, कोणता शहाणा माणूस स्वतःच्या कपाटात शिरेल?" अंगण खो खो हसलं. कवी मागच्या दारानं पळाला. पळताना त्याच्या उजव्या जोड्याचा तळ फडफडत होता. उद्या दुकानात येईल.

संध्याकाळी जेवताना ओलायानं विषय काढला. ती आज वरच्या बायकांच्या गॅलरीत होती. त्या गॅलरीला सगळे 'हंडी' म्हणतात. बायका आत ठेचून भरतात आणि खेळभर उकळत असतात, म्हणून.

"कपाटात काय वाईट होतं हो?" ती म्हणाली.

"वाईट नाही, खोटं. माणूस असं करत नाही."

"माणूस म्हणजे कोणता माणूस?"

"आता कोणता म्हणजे? मी घे. मी शिरेन का?"

प्रुदेन्सिओ ताटात बघत हसला. हा आमचा माडीवरचा भाडेकरू. नाटक कंपनीत पंचवीस वर्षं प्रॉम्प्टर होता. कुजबुजून कुजबुजून त्याचा आवाजच कुजबुजीचा झालाय. साधं 'मीठ द्या' म्हणाला तरी कट रचतोय असं वाटतं. आता नटांच्या भूमिका नकलून देतो. एकटा जीव, पन्नाशीचा, केसांना तेल जास्त.

तो म्हणाला, "उस्ताद, माझा आजा चर्चच्या पायरीवर सैतानाचं सोंग घ्यायचा. बाप बैलगाडीतून हिंडला. दोन फळ्या, एक घोंगडी आणि चार खोट्या दाढ्या, झालं नाटक. माझ्या डोळ्यांदेखत जमिनीतून भुतं यायला लागली आणि ढगातून देवदूत उतरायला लागले. एवढं सगळं बदललं, पण ओळ आहे तीच आहे. आठ अक्षरांची. आज्यानं जी म्हटली तीच."

"आणि कपाट?" मी विचारलं.

"कपाट नवीन आहे," तो कुजबुजला.

हवा गार पडायला लागली. आई लसणाचं सूप करायची, वर अंडं फोडून. किती वर्षांत खाल्लेलं नाही.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लसणाचं सूप होतं. वर अंडं फोडून. योगायोग म्हणायचा. हवाच तशी आहे.

१० ऑक्टोबर, रविवार

डॉन फादरिके स्वतः दुकानात आले. मोठा कवी. त्यांच्या एका वाक्यात सूर्य पाच वेळा उगवतो आणि क्रियापद शेवटपर्यंत सापडत नाही. काखेत अख्खं हॅम.

"उस्ताद, सेबायोसच्या कंपनीनं माझं नाटक मागे ठेवून भलतंच हाती घेतलंय. 'घरातला न्यायाधीश'. कवीचं नाव नाही! पंचवीसला, संत क्रिस्पिनच्या दिवशी. पहिल्या अंकातच आटपून टाका."

"नाटक वाईट असलं तर आटपेलच. त्याला हॅम कशाला?"

"हॅम जोड्यांच्या बदल्यात."

"जोडे तर तुमच्या पायात आहेत, डॉन. आणि चांगले आहेत. मीच शिवलेत."

हॅम परत दिलं. जड गेलं, काळ्या डुकराचं होतं. पण तारखेनं मजा आणली. संत क्रिस्पिन म्हणजे आम्हा जोडेवाल्यांचा संत. त्या दिवशी शहरातलं एकूण एक दुकान बंद आणि सगळे आमचे लोक अंगणात. सहाशे शिट्ट्या धरा.

जेवताना हे सांगितलं तर प्रुदेन्सिओ म्हणाला, "नवा कवी एकदाच मरतो, उस्ताद. पहिल्या खेळाला शिट्टी बसली की त्याच्या कागदाला पुन्हा कुणी हात लावत नाही."

"मग चांगलं लिहावं त्यानं."

ओलायाचा चमचा भांड्यात तसाच राहिला होता. म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, भाजलं.

१३ ऑक्टोबर, बुधवार

ओलायाच्या बोटांना शाई. विचारलं तर म्हणाली, "तुमच्या काळ्या रंगाच्या बाटलीचं झाकण सैल आहे." काळा रंग आणि शाई मला ओळखू येत नाही असं समजते की काय?

हल्ली कणीक मळताना बोटांनी काहीतरी मोजते. मोजते, थांबते, मान हलवते, पुन्हा मोजते. आणि तिच्या गावाकडचं ते पुलाचं गाणं दिवसभर चालू:

पुलावर धुकं दाट,
पैलतीरी कोण उभं?
नाव सांग, नाव सांग.
नाव नको, हाक पुरे.

हे गाणं माद्रिदमध्ये दुसऱ्या कुणाला येत नाही. तिच्या आजीबरोबर ते गावाबाहेर पडलं असेल तेवढंच. लग्न ठरलं तेव्हा तिच्या परसात मी हेच ऐकलं होतं. तेव्हा ती माझ्यासाठी म्हणतेय असं वाटलं होतं. आता कुणासाठी म्हणते?

१४ ऑक्टोबर, गुरुवार

नटीचा घसा बसला म्हणून खेळ रद्द. लवकर घरी आलो. जिन्याखाली उभा राहिलो आणि ऐकू आलं. माझे कान आहेतच तसे.

प्रुदेन्सिओ: "मग नवऱ्याचं काय करायचं, वहिनी? मारायचा?"

ओलाया: "छे हो. मला तो जिवंत हवाय. पण चांगला घाबरवायला पाहिजे."

"आणि त्याला आधीच कळलं तर?"

"त्याला? त्याला शेजारच्या मांजराला पिल्लं झालेली कळत नाहीत, चार घरं ओरडेपर्यंत."

मी पाय न वाजवता बाहेर पडलो. लोहार बाराओनाच्या दुकानात जाऊन बसलो. बाराओना अंगणात माझ्या उजव्या हाताला उभा राहतो, जुना दोस्त आहे, पण त्यालाही सांगितलं नाही. त्यानं विचारलं, "उस्ताद, चेहरा का उतरला?" म्हटलं, आज खेळ नाही ना. त्याला पटलं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

रस्सा खाल्ला नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. वास जरा वेगळा आला. खानावळीत जाऊन शिळे हरभरे खाल्ले. तिथल्या हरभऱ्यांनीच मरेन, पण निदान परक्याच्या हातानं.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज नवलच झालं. ओलायानं माझ्या ताटात रस्सा वाढला, मग माझाच चमचा उचलून तीन घास स्वतः खाल्ले, मजेत. "छान झालाय," म्हणाली आणि चमचा माझ्या हातात दिला. बावीस वर्षांत तिनं असं कधी केलं नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. पण हे अचानक सुचलं कसं तिला?

१८ ऑक्टोबर, सोमवार, संत लुकासचा दिवस

जे लिहिणार आहे ते कुणाला सांगायचं नाही. वही, तूही सांगू नकोस.

खेळाला जातो म्हणून निघालो, कोपऱ्यावरून वळसा घालून मागच्या दारानं आत आलो आणि चामडं ठेवायच्या कपाटात शिरलो. हो, कपाटात. मी.

आत बकऱ्याची ओली कातडी टांगलेली होती, ती डोक्यावर आली. पाय मुडपले तर गुडघे दारात, ताठ झालो तर डोकं फळीत. नाटकांत हे लोक आत तलवार आणि पिसांची टोपी घेऊन कसे मावतात, देव जाणे.

दोघं आले. प्रुदेन्सिओ म्हणाला, "येत्या सोमवारी सगळं उघड होणार, वहिनी. भीती नाही वाटत?"

"वाटते तर," ओलाया म्हणाली. "पण आता मागे फिरणार नाही. बावीस वर्षं ऐकूनच घेतलं."

एवढ्यात मला शिंक आली. नाक दाबलं, तोंड दाबलं, ती कानातून निघाली असावी. बाहेर एकदम शांत.

मग ओलाया म्हणाली, "कपाटात उंदीर झालेत. मोठे झालेत. जा तुम्ही वर." तिनं खुर्ची ओढली, कपाटाच्या दाराला पाठ लावून बसली आणि वाटाणे सोलायला घेतले. एक अख्खी टोपली. माझे पाय आधी दुखले, मग त्यांना मुंग्या आल्या, मग ते माझे राहिलेच नाहीत. ती सोलत होती आणि पुलाचं गाणं गात होती. चारही ओळी संपल्या की पुन्हा पहिलीपासून. शेवटी उठली, म्हणाली, "बाजारात जाऊन येते," मोठ्यानं, रिकाम्या घराला, आणि दार ओढून घेतलं.

मी कपाटातून बाहेर पडलो तो चार पायांवर.

२० ऑक्टोबर, बुधवार

उलगडा झाला. प्रुदेन्सिओचा पाठलाग केला. बगलेत कागदांचं बाड घेऊन तो थेट सेबायोसकडे गेला. हा सेबायोस म्हणजे त्या नाटक मंडळीचा मालक आणि मुख्य नट. त्यानं ते बाड दोन्ही हातांत घेतलं आणि दारातच विचारलं, "तिसरा अंक आणलात?"

म्हणजे 'घरातला न्यायाधीश' याचं! हा माझ्या माडीवर बसून नाटक लिहितो, माझ्या चुलीवरचा रस्सा खातो आणि माझ्या बायकोला त्या आठ अक्षरांनी भुलवतो. म्हणून तिची ती बोटांवर मोजणी. म्हणून शाई. सोमवारी नाटक चाललं की नावावर कीर्ती, आणि मग दोघं कुठंतरी चालते होणार. 'सोमवारी सगळं उघड होणार' म्हणजे काय ते आता कळलं.

ठीक आहे. सोमवारी मी शिट्टी मारणार. पहिल्याच प्रवेशाला. सहाशे शिट्ट्या.

हे लिहिलं आणि तरी बरं वाटत नाही. समोर तिचे हिवाळी जोडे पडलेत, अर्धे कापलेले. बावीस वर्षांत तिच्या पायाचं माप घेतलेलं नाही. घ्यावं लागलंच नाही, डोळे मिटून कापतो, हाताला ठाऊक आहे. पण त्या पायांवर उभी असते ती बाई कोण, हे मोजायचं राहूनच गेलं. पाय पाठ झाला आणि वाटलं, बायको पाठ झाली.

पुरे. सोमवारी शिट्टी.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन नट दुकानात येऊन कुरकुरले. नाटक जेमतेम पाठ होत आलं होतं आणि काल अचानक तिसऱ्या अंकात नवीन भाषण आलं, तेही लांबलचक. सेबायोस मात्र ते वाचून रडला म्हणे. सेबायोस! जो स्वतःच्या सासूच्या प्रेताला 'खेळ आहे' म्हणून गेला नव्हता.

प्रुदेन्सिओचे डोळे तांबारलेत, जिन्यावरून वर खाली धावतो. धाव बाबा. दोन दिवस उरले.

२४ ऑक्टोबर, रविवार

ओलायानं माझा काळा कोट झटकून ठेवला, गुंडी लावली. मग माझी पितळी शिट्टी राखेनं घासून चकचकीत करून कोटावर ठेवली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"सणाचा दिवस आहे. वाजवायची तर स्वच्छ वाजू दे."

माझ्याकडे सरळ बघत होती. मीच नजर फिरवली. माझं काय चुकलं होतं?

२५ ऑक्टोबर, सोमवार, संत क्रिस्पिन

नीट लिहायला हवं. क्रमानं लिहितो.

अंगण गच्च होतं. आमची सगळी बिरादरी सकाळच्या मिरवणुकीतून थेट आलेली, टोप्यांना फुलं, तोंडाला वाइनचा वास. डॉन फादरिके वरच्या खिडकीत, हात चोळत. बाराओना माझ्या उजवीकडे. मी खांबाला टेकून. शिट्टी ओठांत.

पडदा सरला. समोर दुकान. भिंतीवर कलबुतं. आणि सेबायोस आला तो चामड्याचा एप्रन लावून, गळ्यात पितळी शिट्टी! जोडे शिवणारा, नाटकांना शिट्ट्या मारणारा! सहाशे माना माझ्याकडे वळल्या.

बाराओना म्हणाला, "उस्ताद, हा तर तुम्ही!"

"काहीतरीच. माझं नाक एवढं आहे का?"

"नाही हो. त्याचं लहान पडलंय."

तेव्हाच शिट्टी मारायची होती. मारणारच होतो. पण त्या सेबायोसनं कवीचं हॅम परत करताना त्याचा असा वास घेतला, असा निरोप दिला, की मला हसू आलं. ओठांत शिट्टी असताना हसलं की ती अर्धवट चिरकते. लोकांना वाटलं, म्होरक्याला आवडलं. म्हटलं, असू दे, दुसऱ्या अंकात.

दुसऱ्या अंकात नवऱ्याला संशय आला. त्यानं खानावळीत जाऊन शिळे हरभरे खाल्ले. अंगण लोळलं. हे प्रुदेन्सिओला कसं माहीत?

आणि तिसऱ्या अंकात सेबायोसनं कपाटाचं दार उघडलं, इकडं तिकडं बघितलं आणि आत शिरला. डोक्यावर बकऱ्याचं कातडं.

सगळं अंगण थांबलं. कपाट म्हणजे माझी शिट्टी, हे या शहरात पोरासोरांना ठाऊक आहे. बाराओनानं किल्ल्यांचा जुडगा वर धरला. मागचे सगळे श्वास रोखून. डॉन फादरिके खिडकीतून अर्धे बाहेर. एक फुंकर मारायची, एवढंच काम होतं.

आणि मी विचार केला: शिट्टी मारली तर मी काय म्हणतोय? माणूस असं करत नाही, असं म्हणतोय. कोणता शहाणा माणूस? मी, तोरिबिओ सालसेदा, गेल्या सोमवारी त्याच कातड्याखाली गुडघे मुडपून उभा होतो. हा प्रवेश खरा होता. गेल्या अठरा वर्षांत या अंगणात दाखवलेला सगळ्यात खरा. खोटी शिट्टी मी मारत नाही.

शिट्टी काढून खिशात घातली. बाराओना माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानंही किल्ल्या खाली केल्या, आणि मागे एकेक हात खाली येत गेला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सहाशे माणसं शिट्ट्या खिशात घालतानाचा.

मग सेबायोसनं कपाटाचं दार बोटभर उघडून ते नवीन भाषण सुरू केलं. "बावीस वर्षांत तिच्या पायाचं माप घेतलं नाही..."

हे मी कुणाला बोललो नव्हतो. बाराओनाला नाही, कन्फेशनला पाद्र्यालाही नाही. हे फक्त या वहीत होतं. वही कलबुतांच्या पेटीत. "...पाय पाठ झाला आणि वाटलं, बायको पाठ झाली." माझ्या शेजारचा कातडी कमावणारा दाढीवाला रडत होता. मी मनातल्या मनात प्रुदेन्सिओचा गळा आवळत होतो. माझी पेटी उघडलीस, चोरा!

तेवढ्यात नटी टोपली घेऊन आली, कपाटाला पाठ लावून बसली आणि वाटाणे सोलायला लागली. सोलता सोलता गायला लागली. पुलावर धुकं दाट, पैलतीरी कोण उभं.

मी वर बघितलं. हंडीच्या जाळीमागे बायका नुसत्या सावल्या दिसतात. पण एक हिरवी शाल मी ओळखतो, टॉलेडोच्या जत्रेतून मीच आणलेली. आजूबाजूच्या सगळ्या बायका पुढे झुकून, रडत हसत होत्या. हिरवी शाल एकटी ताठ बसली होती. ती रंगमंचाकडे बघतच नव्हती. खाली बघत होती, माझ्या खांबाकडे.

सूप. चमचा. शाई. कणकेवरची बोटं. सगळं एकदम कळलं, एखादा जोडा इतका वेळ उलटा धरला होता तो कुणीतरी सरळ करून हातात द्यावा तसं.

शेवटी सगळ्या नाटकांत होतं तसं नटी पुढे आली माफी मागायला:

संपे हे नाटक इथे,
चुका पोटी घाला सारे.
कवी कोण, पुसू नका,
नाव नको, हाक पुरे.

आणि सगळे गप्प. माझी वाट बघत. इतरांच्या वेळी आम्ही कवीचं नाव घेऊन ओरडतो. इथं नाव नव्हतं. मी तोंड उघडलं तर पहिल्यांदा प्रुदेन्सिओसारखी कुजबुज आली. मग छाती भरून, वर जाळीकडे बघत ओरडलो, "व्हितोर!"

पुढचं मला ऐकू आलं नाही. अंगणाची कौलं हलली म्हणतात. डॉन फादरिकेंची टोपी खाली पडली ती कुणीतरी तुडवली, पिसांसकट.

घरी मी आधी पोचलो. थोड्या वेळानं ती आली. शाल खुंटीला टांगली.

"रस्सा गरम करू?"

"कर."

चूल फुंकली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "कपाट पटलं का?"

"पटलं. फक्त सेबायोसनं गुडघे नीट मुडपले नाहीत. आत जागा त्याहून कमी आहे."

"सांगते त्याला."

"ओलाया, तुला वाचता येतं?"

आता ती वळली. "तुम्ही तीस वर्षांचे असताना चुलीजवळ बसून महिनोन्‌महिने मोठ्यानं अक्षरं घोकायचात. मी इथं कणीक मळत होते. बहिरी नव्हते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मी चुलीत एक लाकूड सारलं. अठरा वर्षं सगळ्या शहराला उत्तरं देणारा मी.

"आणि हा प्रुदेन्सिओ?"

"माझं अक्षर किड्यामुंग्यांसारखं आहे. ते साफ नकलून देतात. आणि अडलं तर पुढची ओळ कुजबुजतात, त्यांची सवयच ती."

"मी सोमवारी शिट्टी मारणार, हे तू बुधवारीच वाचलंस. मग नाटक मागे का नाही घेतलंस?"

"त्याच पानावर खाली पायाचं लिहिलं होतंत ना," ती म्हणाली. "ते लिहिणारा माणूस शिट्टी मारणार नाही, असं वाटलं." मग रस्सा ढवळत, "नक्की माहीत नव्हतं. हंडीत बसले होते तेव्हा हात बर्फासारखे झाले होते."

मी तिचे हात धरून बघितले. अजून गार होते.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

सेबायोसचा निरोप: नाटक आठ दिवस चालणार. आठ दिवस! दुकानात सकाळपासून गर्दी, सगळ्यांना कपाट बघायचंय. बाराओना एकदा आत शिरून आला, म्हणाला, "उस्ताद, खरंच मावत नाही हो." कवी कोण म्हणून सगळे विचारतात. मी म्हणतो, ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तरी माझ्यामुळेच ते नाटक तरलं, असं बाराओना म्हणाला आणि मला ते मान्य करावं लागलं.

प्रुदेन्सिओला नवे जोडे देतोय. त्याचं माप घेतलं, नीट. त्याला वाटलं, गळ्याचं घेतोय.

तिचे हिवाळी जोडे पुरे केले. या वेळी तिला बसवून, कागदावर पाय ठेवायला लावून, रेघ मारून माप घेतलं. डावा पाय उजव्याहून थोडा मोठा निघाला. बावीस वर्षं तिला डावा जोडा लागत होता आणि ती बोलली नव्हती.

ओलाया, हे तू वाचशीलच, तेव्हा शिट्टीवाला म्हणून माझं खरं मत इथं नोंदवून ठेवतो, बायको म्हणून सूट नाही: पहिला अंक लांब आहे, आणि कालच्या रश्श्यात मीठ कमी होतं. राहिलेल्या चुका पोटात घातल्या.

(यापुढचं अक्षर माझं नाही. किड्यामुंग्यांसारखं आहे.)

पहिला अंक छाटला. मीठ बरोबर होतं. हिंमत असेल तर शिट्टी मारा.